हाक मीच मारली होती

माझ्या मालकांचं नाव दत्तू. लग्नाला बारा वर्षं झाली, पण उखाणा सोडला तर हे नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. इथं लिहिते आहे, कारण पुढं जे सांगायचंय त्याच्या आधी हे नाव यायला पाहिजे. दुसरं नाव दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमचं यायला पाहिजे होतं, पण त्या म्हणाल्या, माझं नको लिहू. वही मात्र त्यांनीच दिली. महिन्यातून एकदा त्यांच्या खोलीत आमच्यासारख्या आठ-दहा बाया बसतात. नवीन आलेली बाई पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही, पदराचं टोक पिळत बसते. मी पण तशीच बसले होते. तिला वाचून दाखवायला काहीतरी पाहिजे, म्हणून लिही, म्हणाल्या.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. माहेर यवतमाळकडचं. सासर माकणीच्या धरणाजवळचं एक खेडं. माहेरी जायला एसटीनं अख्खा दिवस जातो, म्हणून जाणं दोन वर्षांतून एकदा. नवी आले तेव्हा माझं "मले-तुले" ऐकून पाण्यावरच्या बाया हसायच्या. एकटी हसली नाही ती सुमन. आमच्या मागच्या गल्लीत तिचं घर. ती म्हणाली, "हसू द्या त्यांना. मला शिकीव तुझी भाषा, म्हंजी दोघी मिळून बोलू, त्यास्नी काय बी कळायचं न्हाय."

ती आता नाही.

तो दिवस

सोयाबीनची काढणी होती. परतीचा पाऊस रोज दुपारनंतर भेडसावायचा, म्हणून सगळ्यांचीच घाई. आम्ही चौघी दुसऱ्याच्या रानात कामाला होतो. तीनच्या सुमारास आभाळ एकदम काळं झालं. दोघी शेजारच्या पत्र्याच्या शेडकडं पळाल्या. मी बांधावरच्या लिंबाखाली गेले. सुमन कापलेल्या ढिगावर ताडपत्री ओढत राहिली. काम अर्धं सोडायची तिला सवयच नव्हती.

मी हाक मारली, "सुमन, ये की इकडं झाडाखाली! भिजून मरशील!"

हे शब्द माझेच आहेत. बदलून लिहिले असते तर कुणाला कळलं नसतं, पण बदलत नाही.

ती पदर डोक्यावर धरून हसत पळत आली. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की भाकरीची पिशवी उघड्यावर राहिलीय. ती उचलायला मी झाडापासून दहा-बारा पावलं गेले. वाकले. मग सगळं पांढरं झालं. आवाज मला आठवतच नाही.

शुद्ध आली ती तालुक्याच्या दवाखान्यात. डाव्या पायाचा तळवा भाजला होता, कानात रातकिडे ओरडावेत तसा आवाज. मी सुमनचं विचारायची आणि जो तो सलाईनच्या बाटलीकडं बघायचा. दुसऱ्या दिवशी मालक खाटेजवळ खाली फरशीवर बसले. माझा पट्टी बांधलेला पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सुमन गेली." एवढंच. मी रडले नाही. ते तसाच पाय धरून बसून राहिले.

पायाळू

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. आपल्याकडं पायाळू माणसाचं दोन गोष्टींसाठी नाव निघतं. एक, कुणाची कंबर धरली, उसण भरली, तर पायाळूनं लाथ लावली की उतरते म्हणतात. त्यामुळं गावात माझ्या पायाला मान होता. सकाळीच कुणीतरी कंबर धरून दारात उभं. "रेखा, लाव गं बाई एक लाथ." गावातली भली भली माणसं माझ्या लाथा खाऊन गेलीत. सुमन म्हणायची, "सासूला बी एकदा उसण भरू दे तुझ्या, म्हंजी हात न्हाय तर पाय तरी साफ करून घेशील."

दुसरी गोष्ट, पायाळूला वीज हुडकत येते म्हणतात.

दवाखान्यातनं घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा नळावर गेले. घागर लावली आणि मागनं ऐकलं, "इजंला हीच पाहिजे व्हती. वाटंत ती बिचारी घावली." बोलणारी मोठ्यानं बोलली नाही, पण हळू पण बोलली नाही. मी घागर तशीच ठेवून घरी आले. त्यानंतर सहा-सात महिने मी एकटीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही.

लोकांना निदान पायाळूचंच माहीत होतं. मी हाक मारली हे कुणालाच माहीत नाही, असं मला वाटत होतं. ते मी फक्त मालकांना सांगितलं होतं.

घरातले दिवस

भीती अशी आली की तिला वेळ-काळ नव्हता. गॅसच्या लायटरची ठिणगी दिसली की मी भांडं टाकून मागं सरायची. समोरच्या दुकानात वेल्डिंग सुरू झालं की खिडकीला गोधडी. जळकट वास नसायचा तिथं यायचा. मुलीच्या वाढदिवसाला माझ्या नणंदेनं मोबाईलवर फोटो काढला, फ्लॅश पडला आणि मी किंचाळून पलंगाखाली. त्यानंतर कुठं पण फोटो निघणार असला की ती आधी धावत येऊन सांगायची, "आई फोटो हाय, फोटो हाय, भिऊ नको." सात वर्षांचं लेकरू आईला सांभाळतंय. त्याची लाज वेगळी.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या वाईट नाहीत, घाबरल्या होत्या. कुणी सांगितलं म्हणून एकाकडं नेलं, त्यानं लिंबू उतरवलं, दंडाला दोरा बांधला. फरक नाही पडला. मग आत्या म्हणाल्या, "हिला माहेरी धाडून दे चार महिने. तिकडची हवा लागली की बरं वाटंल."

मालक म्हणाले, "तिकडं काय आभाळ न्हाय व्हय?"

ते दरसाल हंगामात कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला जायचे, चार-पाच महिने बाहेर. त्या साली गेले नाहीत. मला गॅसपुढं उभं राहवत नव्हतं, तर ते भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरी बघून शेजारीण दारातनं ओरडली, "दत्तूभावजी, भाकरी केली का तालुक्याचा नकाशा काढला?" मालक म्हणाले, "वैनी, तुमचं गाव कुठं येतंय सांगा, तेवढा तुकडा तुमास्नी देतो." बाया हसल्या. कट्ट्यावरच्या माणसांचं हसणं तसलं नव्हतं. ते बायकोचा बैल म्हणायचे, त्यांना ऐकू जाईल असं. मालक ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन सांगायचे नाहीत. मला दुसऱ्यांकडनं कळायचं.

खोटं आभाळ

आता जे लिहिते ते मालकांना वाचून दाखवलंय. ते म्हणाले, लिही, खरं हाय.

माझ्यावरच्या मायेपोटी ते खोटं बोलायचे. मोबाईलवर विजांचा इशारा यायचा, तो बघायचे आणि मला सांगायचे, "आज काय न्हाय. आभाळ साफ." दवाखान्यात, दुकानात, पाहुण्यांत, मला कुणी काही विचारलं की उत्तर तेच द्यायचे. कधी बाहेर न्यायचं झालंच तर सुमनच्या घरावरनं जायचे नाहीत, देवळाला वळसा घालून लांबनं न्यायचे. सुमनच्या सासूनं, गोदाकाकूनं, दोनदा निरोप धाडला होता, "रेखाला म्हणावं, येऊन जा." ते म्हणाले, "नको. तिथं गेलीस तर परत पडशील." मला पण तेच पाहिजे होतं. मी त्यांच्या मागं लपायची आणि त्यांना वाटायचं, आपण हिला वाचवतोय.

मे महिन्यात एका सकाळी ते म्हणाले, "आज काय न्हाय," आणि दुपारी वळवाचं आभाळ कडाडलं. मालक शिवारात. मी धान्याच्या कोठीच्या मागं भिंतीच्या फटीत शिरले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच. ते आले, हाका मारल्या, पण माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. शेवटी कोठी सरकवून त्यांनी मला बाहेर काढलं. माझे कपडे खराब झाले होते. त्यांनी पाणी तापवलं, मला अंघोळ घातली. त्यानंतर त्यांनी काही पण सांगितलं, दूध नासलंय म्हणाले तरी, मी स्वतः जाऊन बघायची. माझा विश्वासच उडाला. ज्या माणसाच्या आधारानं जगत होते, त्याच्यावरचा.

त्याच आठवड्यात ते मला धाराशिवला घेऊन गेले.

निदान

मोठा दवाखाना. केसपेपरची रांग, मग औषधाची रांग. मानसिक आजारांची खोली अगदी शेवटाला, आणि तिकडं वळलं की रांगेतली माणसं वळून बघतात. गावात आम्ही सांगितलं होतं, कानाला दाखवायला चाललोय.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला विचारलं, "झोप लागते का?"

मालक म्हणाले, "न्हाय लागत साहेब. दोन-दोन वाजेपर्यंत..."

"जेवण?"

"अर्धी भाकरी. ती बी बळंच."

"भीती कशाची वाटते, ताई?"

"आभाळाची, साहेब. आन् ती ठिणगी..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दादा, तुमचा केसपेपर काढलाय का?"

"न्हाय की."

"मग यांना बोलू द्या."

मालक इतके ओशाळले की मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. पण मी बोलले. थांबत थांबत बोलले, पहिल्यांदा. हाकेचं सोडून सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्ही मनानं कमजोर पण नाही. जे घडलं ते मोठं होतं, आणि मन अजून त्याच झाडाखाली उभं आहे. याला आघातानंतरचा ताण म्हणतात, आणि यातनं माणसं बरी होतात. गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या खोलीत मॅडमकडं पाठवलं.

आजाराला नाव आहे हे कळलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. वाटलं, म्हणजे हा आधी दुसऱ्या कुणाला तरी झालाय. मी एकटी नाही. परत येताना एसटी स्टँडवर गावातला एक जण भेटला. "काय दत्तू, वहिनीचा कान काय म्हणतोय?" मालक म्हणाले, "कान न्हाय. मनाच्या डॉक्टरला दाखवलं. भीती बसलीय तिला, उपचार चाललाय." तो माणूस एसटीची पाटी बघायला लागला. मी खाली मान घालून बसले होते, पण छातीवरचं काहीतरी हललं.

उचलू नका

आम्ही दर पंधरा दिवसांनी जायचो. तिसऱ्या खेपेला मॅडमनी मालकांना एकट्याला आत बोलावलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं मला ऐकू येत होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फार करताय यांच्यासाठी. थोडं कमी करा."

"म्हंजी सोडून देऊ का तिला?"

"सोडू नका. पण उचलून पण घेऊ नका. खोटं सांगून भीती जात नाही, ती आणखी वाढते. तुम्ही यांच्या जागी बोलता, यांच्या वाटा बदलता. मग यांना वाटतं, मला खरंच जमणार नाही."

मालक बाहेर आले ते रागानंच. घरी आल्यावर मी पाणी मागितलं, तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडले, "म्या बी माणूस हाय! केलं तरी चुकतंय, न्हाय केलं तरी चुकतंय!" आणि धरणाकडं निघून गेले. दिवस मावळायला परत आले. मी दारात उभी होते. उंबऱ्याच्या बाहेर, एकटी. ते आत गेले नाहीत तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही की मी बाहेर उभी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि जसं आहे तसं वाचलं, "आज दुपारी तीन ते सहा विजा. झाडाखाली थांबू नये. घरात थांबावं." मी कोठीकडं बघितलं. पण नवल असं की दुपारी गडगडलं तेव्हा मी कोठीमागं गेले नाही. भिंतीला टेकून बसले, घामानं भिजले, पण बसले. सांगून आलेल्या पाहुण्यासारखं होतं ते. मालक समोर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मला धरलं नाही. धरावंसं वाटत होतं, हे त्यांच्या हातांकडं बघून कळत होतं. एका शेंगेचे दाणे त्यांनी चार वेळा मोजले.

नवीन येणाऱ्या बाईच्या घरच्यांना मला हेच सांगायचंय. जवळ बसा. खोटं आभाळ दाखवू नका.

आईचा फोन

पायाळूचं मात्र मनातनं जात नव्हतं. एकदा मी म्हणाले, "अहो, आईला विचारू का? कदाचित मी पायाळू नसेनच. लोकांनी उगीच म्हटलं असेल." त्यांनी फोन लावून दिला, आवाज मोठा केला.

आई म्हणाली, "हो व माय, पायाळूच होती तू. पाय आधी, डोस्कं मांगून. काऊन विचारते?"

मालक मधी बोलले नाहीत. आधीचे असते तर म्हणाले असते, आईला नीट आठवत नसंल.

आई पुढं म्हणाली, "तुह्या मावशीचा रमेशबी पायाळू. तो तं लाइनमन झाला. रोज इजेच्या खांबावर चढते. इजेले पायाळू पाह्यजे असता तं तो कधीचाच गेला असता. चांगलं पोट सुटलं त्याले!"

मालक आधी हसले, मग मी. कधीपासून हसले नव्हते, त्यामुळं गाल दुखले. हसता हसता रडू आलं, सुमनसाठीचं, दवाखान्यात आलं नव्हतं ते.

गोदाकाकू

राहिली ती हाक. मॅडमना सांगितली, त्या म्हणाल्या, ज्यांना सांगायची त्यांना सांगितल्याशिवाय ती तुमच्या घशातच राहील. घाई नाही, पण ठरवा. सुमनचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तेव्हा मी म्हणाले, "मला काकूकडं जायचंय." मालकांनी विचारलं, "मी येऊ का?" मी म्हणाले, "या. पण बोलू नका."

त्या दिवशी देवळाला वळसा घातला नाही. काकू पडवीत सुपात ज्वारी पाखडत होत्या. मालक बाहेर पायरीवर बसले. मी काकूंसमोर जमिनीवर बसले, आणि वाटलं, उठावं आणि पळावं. वळून बघितलं. मालक रस्त्याकडं तोंड करून बसले होते. पाठ दिसत होती फक्त.

"काकू, सुमनला मी हाक मारली होती. ती ढिगापाशी होती. झाडाखाली मीच बोलावलं."

सूप थांबलं नाही. "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"त्या दोघी शेडात व्हत्या न्हवं? तुझी हाक त्यांनी बी ऐकलेली. त्याच दिशी सांगितलं मला."

म्हणजे वर्षभर त्यांना माहीत होतं. मी ज्याला झाकून बसले होते ते झाकलेलं नव्हतंच.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "पाऊस आल्यावर माणूस माणसाला झाडाखालीच बोलवतं. म्या बी जन्मभर तसंच केलं. कुणाला ठावं व्हतं? हाक मारलीस त्याचा न्हाय राग. आली न्हाईस, त्याचा हाय. दोनदा निरोप धाडला. सुमनचं शेवटचं बोलणं ऐकणारी तू एकटी. मला ते ऐकायचं व्हतं. वर्सभर वाट बघितली म्या."

पायरीवरनं मालक उठले. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण ते आत आले आणि काकूंच्या पायांशी बसले. "काकू, निरोप तिच्यापातुर आला व्हता. म्याच येऊ दिलं न्हाय. मला वाटलं, आणखी पडंल."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. "चुकलं तुझं."

"व्हय."

"पायावर नको पडू. कंबर धरलीय माझी, तुला उठवाय बी यायचं न्हाय मला." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता सांग. काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. हसत आली, पदर डोक्यावर होता. मी पिशवीकडं निघाले तेव्हा म्हणाली होती, "चटणी हाय का गं शिल्लक? भूक लागली लई." एवढंच तिचं शेवटचं बोलणं. काकू म्हणाल्या, "भूक लई लागायची तिला," आणि तोंडाला पदर लावला. मी त्यांच्याजवळ सरकले. पाखडायची ज्वारी तशीच राहिली.

आता

मी पूर्ण बरी नाही. गोळ्या कमी झाल्यात, बंद नाहीत. डाव्या कानात आवाज आहे, तो राहणार म्हणतात. वीज चमकली की अजून पोटात खड्डा पडतो, पण खड्ड्यात मी राहत नाही. रानात जाते. मोबाईलवरचा इशारा आता मी वाचते, शेतावरच्या बायांना पण वाचून दाखवते, आणि आभाळ आलं की झाडाकडं पळणारीला ओरडून शेडाकडं पाठवते. काकूंच्या घरी सणावाराला जाते. नळावर अजून एखादी कुजबुजते. कुजबुजू दे.

यंदा मालकांना पुन्हा हंगामाला जायचंय. त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, मीच म्हणाले, "जा तुम्ही." ते म्हणाले, "आन् आभाळ आलं तर?" मी म्हणाले, "आलं तर मी हाय की घरी." दोन दिवस विचार करून त्यांनी बॅग भरायला घेतली. सदरे घड्या घालताना बघितलं, त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. या दोन वर्षांतच झालेत. ते मला कधी दिसलेच नव्हते.

त्यांना पाठवणं म्हणजे फेड नव्हे, हे मला कळतं. पण माणसाचं शरीर आहे, मन आहे. एक दिवस त्यांची पण पाळी येईल. दुखणं येईल, म्हातारपण येईल, कसली तरी भीती बसेल. तेव्हा लोक मला बैल म्हणोत नाही तर आणखी काही, मी जवळ बसेन. खोटं सांगणार नाही, त्यांच्या जागी बोलणार नाही, आणि उठून जाणार नाही. दत्तू, हे मी नाव घेऊन लिहिते आहे, म्हणजे मोडता येणार नाही.